‘नैसर्गिक एंडॉर्फिन’ वाढवून भावाची गोळी बंद करता येईल का?

पत्र : माझा धाकटा भाऊ चौतीस वर्षांचा आहे. अपघातात पाठीला मार बसल्यावर त्याला ओपिऑइड, म्हणजे अफूसारखं काम करणाऱ्या वर्गातली वेदनाशामक औषधं सुरू झाली. दुखणं उतरलं तरी ती सुटली नाहीत, मग चिठ्ठीशिवाय मिळवणं सुरू झालं आणि पुढचं तुम्हाला सांगायला नको. गेले आठ महिने तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली ब्युप्रेनॉर्फिन ही या व्यसनावरच्या उपचाराची गोळी घेतो. कामावर जातो, जेवतो, झोपतो, आमच्याशी बोलतो. वडिलांचं म्हणणं मात्र, ‘एक व्यसन सोडलं, दुसरं धरलं.’ त्यांना कुणीतरी एक व्हिडिओ पाठवलाय. त्यात म्हटलंय की अशा औषधांनी मेंदूची जोडणी कायमची बदलते आणि उपाय एकच : बाहेरचं सगळं बंद करा, धावा, ध्यान करा, शरीराची स्वतःची एंडॉर्फिन वाढवा. आता भाऊही म्हणतो, पुढच्या महिन्यापासून गोळी सोडून बघतो. मी शाळेत विज्ञान शिकवते. ‘डॉक्टर सांगतात म्हणून’ एवढ्यावर माझं समाधान होत नाही, वडिलांचं तर नाहीच. शरीर अफूसारखं रसायन स्वतःच बनवत असेल, तर बाहेरून आलेलं वेगळं काय करतं? मेंदू खरंच कायमचा बदलला आहे का? आणि एवढं सगळं सुरळीत असताना त्या काळातल्या एका मित्राचा फोन आला की याला घाम का फुटतो, जांभया का येतात?

ताई,

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. भावाने पुढच्या महिन्यात, किंवा कुठल्याच महिन्यात, आपल्या मनाने गोळी बंद करू नये. ती कधी आणि कशी कमी करायची याची चर्चा जरूर व्हावी. पण ती त्याच्या डॉक्टरांसमोर व्हावी, मात्रा सावकाश उतरवण्याची व्हावी आणि त्याची स्वतःची तयारी असताना व्हावी. वडिलांची समजूत पटावी म्हणून तर अजिबातच नको.

आता कारणं. व्हिडिओतलं एक वाक्य खरं आहे : मेंदूतली जोडणी बदलते. पण तुमचं पत्र वाचताना माझ्याही मेंदूतली बदलली. दोन चेतापेशींमधल्या सांध्याला सिनॅप्स म्हणतात हे तुम्ही मुलांना शिकवतच असाल. या सांध्याची ताकद वापराप्रमाणे कमी-जास्त होत राहते आणि आपलं शिकणं, आठवणं, सवय लागणं हे सगळं त्यावरच उभं आहे. डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये हे तर्काने मांडलं होतं. १९७३ मध्ये टिम ब्लिस आणि टेर्ये लोमो यांनी सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे स्मृतीशी निगडित भागात, ते प्रत्यक्ष दाखवलं. चेतातंतूंना थोडाच वेळ वेगाने विजेचे झटके दिले, तर पुढे कित्येक तास त्या सांध्यातून जाणारा संदेश आधीपेक्षा जोरदार राहतो. यामागची यंत्रणाही आता बरीच उलगडली आहे. संदेश घेणाऱ्या पेशीवर एनएमडीए नावाचे रिसेप्टर, म्हणजे रसायनाचा निरोप पकडणारी प्रथिनं, असतात, त्यांच्या तोंडाशी मॅग्नेशियमचा आयन अडकून बसलेला असतो. संदेश येणं आणि पेशी आधीच उत्तेजित असणं हे एकाच वेळी घडलं तरच तो आयन बाजूला होतो, कॅल्शियम आत शिरतं, आणि त्याच्या इशाऱ्यावर पेशी आपल्या पृष्ठभागावर एएमपीए जातीचे आणखी रिसेप्टर आणून बसवते. तोच संदेश आता मोठा ऐकू येतो. याची उलटी क्रियाही असते, तीत सांधा दुबळा होतो. दोन्ही मिळून मेंदूची लवचिकता.

तेव्हा प्रश्न जोडणी बदलली का हा नाही. कुणी बदलायला लावली, आणि कुठली, हा आहे.

तुमचा पहिला प्रश्न मला सगळ्यात आवडला. शरीर अफूसारखं रसायन बनवतं हे आधी कुणाला ठाऊकच नव्हतं. १९७३ मध्ये अमेरिका आणि स्वीडन मिळून तीन प्रयोगशाळांनी मेंदूत अफूजन्य औषधं जिथे चिकटतात ते रिसेप्टर दाखवले. मग साहजिकच शंका आली : खसखशीच्या बोंडातल्या चिकासाठी मेंदू जागा राखून ठेवेल कशाला? दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनमध्ये जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून एन्केफेलिन वेगळं केलं. अवघ्या पाच अमिनो आम्लांची साखळी. पाठोपाठ एंडॉर्फिन आणि डायनॉर्फिन सापडली. त्यांचे मुख्य रिसेप्टर तीन : म्यू, डेल्टा आणि कापा. मॉर्फिन, हेरॉइन आणि तुमच्या भावाच्या पाठीसाठी दिलेली औषधं ही प्रामुख्याने म्यूवर काम करतात.

हे रिसेप्टर मुळात पेशीला गप्प करतात. संदेश पाठवणाऱ्या टोकावर असतील तर तिथले कॅल्शियमचे मार्ग बंद करतात, त्यामुळे रसायन कमी सुटतं. पेशीच्या अंगावर असतील तर पोटॅशियम बाहेर जाऊ देतात, त्यामुळे ती सहजासहजी उत्तेजित होत नाही. वेदना अशीच दबते. पण मेंदूत कुणाला गप्प केलं यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. ज्या पेशीचं कामच दुसरीला आवरण्याचं आहे, तिला गप्प केलं तर दुसरी मोकळी सुटते.

मेंदू स्वतः ही युक्ती फार नजाकतीने वापरतो. हिप्पोकॅम्पसकडे जाणाऱ्या एका वाटेतले तंतू ग्लुटामेट या नेहमीच्या उत्तेजक रसायनाबरोबर एन्केफेलिनही साठवून ठेवतात. साध्यासुध्या संदेशाला ते सुटत नाही, जोरदार वर्दळ झाली तरच सुटतं. मग ते आसपासच्या आवरणाऱ्या पेशींना क्षणभर शांत करतं आणि तेवढ्या अवधीत सांधा बळकट होतो. प्राण्यांमध्ये नॅलोक्सोन देऊन हे रिसेप्टर अडवले, तर त्या वाटेवरचे सांधे बळकट होतच नाहीत. शेजारच्याच दुसऱ्या जोडणीत डायनॉर्फिन नेमकं उलट वागतं : १९९३ मध्ये गिनीपिगवरच्या प्रयोगांत दिसलं की ते सांधा बळकट होण्याला आळा घालतं. म्हणजे मेंदूतले हे घरचे ओपिऑइड निव्वळ सुख देणारी किंवा दुखणं घालवणारी रसायनं नाहीत. काय लक्षात ठेवावं आणि कुठे थांबावं या कारभारात त्यांचा हात आहे. लोकप्रिय लेखांमधून हा भाग नेहमी गळतो. एंडॉर्फिन म्हटलं की हसरे चेहरे, विषय संपला.

मग बाहेरचं वेगळं काय करतं? रिसेप्टर तोच, फरक वेळेचा आणि जागेचा. एन्केफेलिन नेमक्या सांध्यापाशी सुटतं आणि आसपासची विकरं त्याचे लगेच तुकडे करतात. मॉर्फिन रक्तातून एकाच वेळी सगळीकडे पोचतं आणि तासन्‌तास राहतं. घरचं माणूस येतं तेव्हा बेल एकदा वाजते, दार उघडलं की संपलं. इथे कुणीतरी इमारतीतल्या प्रत्येक घराच्या बेलवर बोट दाबून उभं आहे, आणि दारात बघण्यासारखं काहीच नाही. शिवाय एन्केफेलिनसारखी पेप्टाइडं पेशीच्या आवरणातून आत झिरपत नाहीत. ती पृष्ठभागावरच्या रिसेप्टरला चिकटतात आणि त्याच्याबरोबर पेशीत ओढली जातात तेवढीच. मॉर्फिनसारखी औषधं मात्र आवरण ओलांडून थेट आत घुसतात आणि पेशीच्या पोटात, गॉल्जी पिंडावर बसलेल्या रिसेप्टरलाही चेतवतात. पेशीत सोडलेल्या एका संवेदक प्रथिनाच्या मदतीने २०१८ मध्ये हे दाखवलं गेलं. ‘शरीर बनवतं तेच तर आहे’ हा युक्तिवाद करणाऱ्यांना मी हा प्रयोग आवर्जून सांगतो.

आता व्यसनाच्या मुळाशी जाऊ. मध्यमेंदूत व्हीटीए नावाचा लहानसा भाग आहे. तिथल्या पेशी डोपामिन सोडतात आणि ‘हे महत्त्वाचं आहे, पुन्हा कर’ असा शेरा अनुभवावर मारतात. त्यांना आवरायला गॅबा हे रसायन वापरणाऱ्या पेशी असतात. ओपिऑइड या आवरणाऱ्या पेशींना गप्प करतात आणि डोपामिन मोकळं सुटतं, हे १९९२ मध्ये स्पष्ट झालं. पण हा झाला औषध अंगात असेपर्यंतचा परिणाम. औषध उतरल्यावर मागे काय उरतं, ते पुढच्या दोन शोधांतून दिसतं.

पहिला २००३ मधला. उंदरांना मॉर्फिनची एकच मात्रा दिली आणि दुसऱ्या दिवशी, औषध ओसरल्यावर, डोपामिन पेशींवरचे उत्तेजक सांधे तपासले. ते बळकट झालेले होते. कोकेन, निकोटिन आणि दारूनेही तेच केलं. आणि औषध न देता नुसता तीव्र ताण दिला, तरी तेच झालं. दुसरा शोध २००७ मधला, फेरेशतेह न्यूजंट, एस्तर पेनिक आणि जूली कॉअर यांचा. आवरणारे गॅबाचे सांधेही शिकतात, बळकट होतात. डोपामिन पेशी स्वतःच नायट्रिक ऑक्साइड हा वायू मागे सोडून त्या टोकाला ‘मला जरा जास्त आवर’ असा निरोप पाठवते. मॉर्फिनच्या एका मात्रेनंतर चोवीस तासांनीही हे शिकणं बंद होतं. निरोप जातो, पण पलीकडे पोचत नाही. उत्तेजित करणारे सांधे बळकट, आवरणाऱ्यांना मात्र बळकट होता येत नाही, आणि हे एका मात्रेत. हे उंदरांमधलं आहे, हे सांगायला हवं, आणि एका गोळीने माणूस व्यसनी होतो असा त्याचा अर्थ कुणी काढू नये. अर्थ इतकाच, की ओपिऑइड तारा तोडत नाहीत. ती शिकण्याच्या यंत्रणेवर बसतात आणि तिला भलताच धडा घोटवून घ्यायला लावतात.

आणि आता तुमच्या वडिलांच्या ‘नैसर्गिक ते चांगलं’ या श्रद्धेबद्दल. कॉअर यांच्याच प्रयोगशाळेने २०१३ मध्ये दाखवलं की तीव्र ताणानंतर गॅबाच्या सांध्यांचं तेच शिकणं बंद पडतं, आणि ते पडतं कापा रिसेप्टरमुळे. डायनॉर्फिन ज्याच्यावर काम करतं, तोच हा रिसेप्टर. तो आधी अडवून ठेवला तर ताण देऊनही बिघाड होत नाही. म्हणजे एकही गोळी न घेता, मेंदूच्या स्वतःच्या शंभर टक्के नैसर्गिक रसायनाच्या रस्त्याने, मॉर्फिनने केलेलाच बदल होऊ शकतो. घरात रोज ‘दुसरं व्यसन धरलंस’ असं ऐकणं हा भावासाठी ताण आहे. सध्या त्यांनी हे वाक्य गिळलं तर धावण्याइतकाच उपयोग होईल, असं मला वाटतं.

मित्राच्या फोनचं कोडंही याच शिकण्यातलं आहे. ओपिऑइड सतत मिळत राहिले की पेशी त्यांना तोंड द्यायला आपली आतली रसायनं चढवून ठेवतात. १९७५ मध्येच पेशींच्या संवर्धनात हे दिसलं होतं : मॉर्फिनने दाबलेलं चक्रीय एएमपी, म्हणजे पेशीच्या आत निरोप पोचवणारं रसायन, हळूहळू मूळ पातळीवर येतं आणि मॉर्फिन काढून घेतलं की उसळी मारतं. मेंदूच्या देठातल्या नॉरॲड्रिनलिन सोडणाऱ्या पेशींमध्ये ही उसळी आली की घाम, काटा येणं, जांभया, अस्वस्थता. नशा करणारे ज्याला ‘टर्की’ म्हणतात ती हीच. आता गंमत अशी, की ही तयारी मेंदू प्रसंगाशीही जोडतो. अमुक खोली, अमुक माणूस, अमुक रिंगटोन म्हणजे आता औषध येणार, तर प्रतिकार आधीच सुरू करा. औषध आलं नाही की उरतो फक्त प्रतिकार. अब्राहम विक्लर यांनी १९४० च्या दशकातच लिहून ठेवलंय की महिनोन्‌महिने औषधापासून दूर असलेले रुग्ण गटात बसून नुसतं नशेबद्दल बोलायला लागले, तरी त्यांना जांभया येत, नाक गळू लागे. तुमचा भाऊ ढोंग करत नाही आणि ‘मनाने कच्चा’ही नाही. तो फोन त्याच्या मेंदूसाठी पावलोव्हच्या कुत्र्याला अन्नाची चाहूल देणाऱ्या घंटेसारखा आहे. नंबर बदलावा, किंवा तो संपर्क निदान अडवून ठेवावा. यात पळपुटेपणा काही नाही.

या गोष्टीला एक काळीकुट्ट बाजू आहे आणि तीच मला जास्त महत्त्वाची वाटते. शेपर्ड सीगल आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये उंदरांना ठराविक जागी वाढत्या मात्रेत हेरॉइन दिलं आणि शेवटी सगळ्यांना एकच मोठी मात्रा दिली. नेहमीच्या जागी दिलेल्यांपैकी सुमारे ३२ टक्के मेले. तितकंच हेरॉइन आधी मिळालेल्या, पण शेवटची मात्रा अनोळखी जागी मिळालेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के. आणि हेरॉइन कधीच न मिळालेल्यांपैकी सुमारे ९६ टक्के. औषध पचवण्याची ताकद म्हणजे टॉलरन्स हीसुद्धा अंशतः शिकलेली गोष्ट असते, आणि परिस्थिती बदलली की ती जाग्यावर नसते. काही आठवडे खंड पडला तर पेशींमधला तिचा भागही उतरतो. म्हणून उपचार सोडून, काही काळ कोरडं राहून, मग एकदाच ‘पूर्वीएवढी’ मात्रा घेतलेला माणूस श्वास थांबून जातो. तुमच्या भावाने पुढच्या महिन्यात गोळी सोडली तर मला भीती आहे ती याची. टर्कीची नाही, टर्की वाईट असली तरी सहसा जीव घेत नाही.

पाठीच्या दुखण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण गोळी सोडली की तेच आधी डोकं वर काढेल. व्हिएन्नातल्या युर्गन सांडक्यूलर यांच्या गटाने २००९ मध्ये उंदरांच्या मज्जारज्जूत पाहिलं, की ओपिऑइड एकाएकी थांबवले तर वेदनेच्या वाटेवरचा पहिलाच सांधा बळकट होऊन बसतो. वेदना ‘आठवणीत राहते’ म्हणा ना. तेच औषध टप्प्याटप्प्याने उतरवलं तर हे टळतं. झटक्यात सोडणाऱ्याला पूर्वीपेक्षा जास्त दुखतं ते सगळं मनाचे खेळ म्हणून झटकू नये. आणि हाच गट २०१२ मध्ये उलटा शोध घेऊन आला : अशी बळकट झालेली वेदनेची खूण ओपिऑइडच्या थोडा वेळ दिलेल्या मोठ्या मात्रेने पुसता येते. तेच रसायन, तोच सांधा. किती, किती वेळ आणि कशा रीतीने थांबवलं, यावर खूण उमटणार की पुसली जाणार हे ठरतं. घरी करून बघण्यासारखी ही गोष्ट नाही, हे विज्ञानाच्या शिक्षिकेला सांगायला नको.

आता वडिलांचं ‘दुसरं व्यसन’. ब्युप्रेनॉर्फिन ओपिऑइडच आहे, हे त्यांचं बरोबर. पण ते म्यू रिसेप्टरला घट्ट धरतं, अर्धवटच चेतवतं आणि फार हळू सुटतं. मात्रा वाढवत नेली तरी एका मर्यादेपुढे परिणाम वाढत नाही, म्हणून श्वास दाबला जाण्याचा धोकाही तुलनेने कमी. दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोबत असतील तर मात्र हे संरक्षण भरवशाचं राहत नाही, एवढं घरात सगळ्यांना माहीत हवं. कापा रिसेप्टरला तर ते उलट अडवतं, तोच कापा जो वर ताणाच्या प्रयोगात आला.

माझ्या लेखी खरा मुद्दा स्थिरतेचा आहे. नशेच्या दिवसांत भावाचा मेंदू दिवसातून अनेकदा वर फेकला जायचा आणि खाली आपटायचा, आणि प्रत्येक चढ-उतारागणिक तो धडा पुन्हा घोटला जायचा : औषध मिळव, सुटका होईल. आज दिवसभर पातळी सपाट आहे. घोटण्यासारखं काही घडत नाही आणि बाकीचं शिकायला मेंदू मोकळा राहतो. गोळी न घेतल्यास त्रास होईल, म्हणजे शरीर तिच्यावर अवलंबून आहे, हे खरं. पण नुकसान दिसत असूनही त्यामागे धावणं, लपवणं, खोटं बोलणं, काम-घर सोडणं याला व्यसन म्हणतात, आणि तुमच्या पत्रातला भाऊ कामावर जातो आणि तुमच्याशी बोलतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये मेथाडोन (याच उपचारातलं दुसरं ओपिऑइड) आणि ब्युप्रेनॉर्फिन अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली, ती एका नशेच्या बदली दुसरी नशा वाटायला नव्हे. उपचार चालू असताना मृत्यू कमी होतात आणि सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे असतात, हे ठिकठिकाणच्या पाहण्यांतून पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे.

मग धावणं आणि ध्यान? करू दे की, उत्तमच. फक्त गोळीच्या जागी नको. व्यायामाने रक्तात एंडॉर्फिन वाढतं हे खरं, पण रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहज शिरत नाही. २०२१ मध्ये धावणाऱ्यांना नॅल्ट्रेक्सोन देऊन त्यांचे ओपिऑइड रिसेप्टर अडवले, तरी धावून झाल्यावरचा आनंद आला तो आलाच. त्यामागे बहुधा एंडोकॅनाबिनॉइड ही वेगळीच रसायनं असावीत. याचा अर्थ शरीराची स्वतःची ओपिऑइड कामाची नाहीत असा मात्र नाही. १९७८ मध्ये दाढ काढलेल्या रुग्णांमध्ये दिसलं, की नुसत्या ‘औषध दिलंय’ या विश्वासाने कमी झालेली वेदना नॅलोक्सोन देताच परत येते. विश्वासाने मेंदू आपली ओपिऑइड सोडतो, हे यातून कळतं. पण ती नेमक्या जागी, थोड्या वेळापुरती सुटतात. वर्षानुवर्षं बाहेरच्या मात्रेवर बेतलेल्या रिसेप्टरांची भूक त्याने भागवायची, हा हिशेबच जमत नाही. धावण्याचा फायदा दुसरीकडे आहे : झोप सुधारते, ताण उतरतो, दिवसाला आकार येतो, आणि संध्याकाळची ती वेळ, जेव्हा तो पूर्वी ‘तिकडे’ जायचा, आता दुसऱ्या कशाशी जोडली जाते.

मेंदू कायमचा बदलला का, याचं सरळ उत्तर देतो. काही बदल मागे फिरतात. दीर्घकाळ मॉर्फिन दिलेल्या उंदरांमध्ये व्हीटीएतल्या डोपामिन पेशी सुमारे पाव हिश्श्याने आक्रसलेल्या आढळल्या (१९९६), पण बीडीएनएफ हे वाढीला पोषक प्रथिन पुरवलं तर हे टळतं, असंही त्याच प्रयोगात दिसलं. पेशींमधली रसायनंही हळूहळू पूर्वपदावर येतात. शिकलेला धडा मात्र पुसला जात नाही. पावलोव्हपासून हे माहीत आहे : घंटेनंतर अन्न देणं बंद केलं की कुत्र्याची लाळ थांबते, पण काही दिवसांच्या विश्रांतीनंतर घंटा वाजली तर ती पुन्हा सुटते. जुनं शिकणं खाली तसंच असतं, त्याच्यावर नवं शिकणं बसतं, आणि ताण, थकवा किंवा जुनी जागा मिळाली की जुनं वर येऊ शकतं. म्हणून वर्षभराने एखादी तलफ आली तर उपचार फुकट गेले असं समजू नका.

आणि भोवताल बदलला तर किती फरक पडतो तेही वडिलांना सांगा. ली रॉबिन्स यांनी व्हिएतनाममधून परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा पाठपुरावा केला होता. तिथे असताना साधारण पाचातला एक जण अफूजन्य पदार्थांच्या आहारी गेला होता. मायदेशी परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षात त्यांच्यातले अवघे ५ टक्के पुन्हा आहारी गेले. ज्या जागा, ज्या सोबती आणि ज्या भीतीशी ते औषध जोडलं गेलं होतं, ते सगळं हजारो मैल मागे राहिलं होतं. तुमच्या भावाला तशी सोय नाही, तो त्याच घरात, त्याच फोनसह राहतो. त्यामुळे त्याला वेळ जास्त लागेल, आणि तो वेळ गोळी मिळवून देते आहे.

पुढच्या तपासणीला भावाची हरकत नसेल तर तुम्हीही जा, वडिलांना नेता आलं तर आणखी चांगलं. डॉक्टरांना विचारा : मात्रा उतरवायची वेळ आली हे आपण कशावरून ठरवायचं, उतरवताना तलफ वाढली तर पुन्हा वर जाता येईल ना, पाठ दुखायला लागली तर कुठलं औषध चालेल, आणि उद्या एखादी शस्त्रक्रिया करावी लागली तर तिथल्या डॉक्टरांना ब्युप्रेनॉर्फिनबद्दल काय सांगायचं. ओपिऑइडची मात्रा जास्त होऊन श्वास दाबला गेला तर देण्यासाठी नॅलोक्सोन, म्हणजे ते रिसेप्टर अडवणारं वर आलेलं औषध, घरात ठेवायला मिळू शकेल का तेही विचारा, आणि मिळालं तर वापरायचं कसं हे भावासकट सगळ्यांनी शिकून घ्या. त्याचा परिणाम तासा-दीड तासात ओसरू शकतो, त्यामुळे ते दिल्यावर माणूस शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यावंच लागतं.